तेल मागणारीला हसू नका

मागच्या पौषात घिवलीला बैठक होती. दोऱ्यांवरचे सुके बोंबील उतरवून, घरचं पाणी भरून बायका आल्या. काही मच्छी विकणाऱ्या, काही तारापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या, दोघी-तिघी पाड्यावरच्या. रेशनकार्डावरची नावं, निराधार योजनेचे अर्ज असं सगळं बोलून झालं. कुणाला काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर मागे बसलेली चाळिशीची एक बाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागे घेत म्हणाली, "ताई, केस पार काथ्यासारखे झालेत. फणी शिरत नाही. काय लावू?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "मावशी, ते चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी पाहिलं तर ती बाई निघून गेली होती.

हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे. म्हणजे आधी माझ्याविरुद्ध, आणि मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींविरुद्धही. पाणी, रेशन, मारहाण, मजुरी हे 'प्रश्न' आणि केस म्हणजे नटण्यामुरडण्याची गोष्ट, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि तिची किंमत आपण नाही, त्या मागच्या रांगेतल्या बायका मोजतात.

केस कोरडे का होतात, ते आधी पाहू. डोक्याबाहेर आलेला केस हा निर्जीव असतो. त्याला आतून अन्न मिळत नाही. त्याच्यावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. टाळूतून पाझरणारं तेल या खवल्यांवर पसरतं, ते चपटे बसतात आणि केस मऊ राहतो. थंडीत हवा कोरडी होते. आपल्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यात ओल नसते. केसातली ओल उडते, खवले उभे राहतात आणि एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून तिथे गुंता जास्त.

एवढं निसर्गाचं झालं. पण घिवलीच्या बाईच्या डोक्यावर नुसता निसर्ग नसतो. दिवसभर खारा वारा आणि ऊन, हाताला मीठ, डोक्यावर टोपली. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो आणि तो केसावर बसतो. शांपू संपला की कपड्याचाच साबण डोक्याला लागतो. साबण क्षारयुक्त, म्हणजे खवले आणखी उभे. याच जिल्ह्यातल्या सूर्या नदीचं गोडं पाणी मात्र मोठ्या जलवाहिनीतून शहरांकडे जातं. सूर्या प्रादेशिक योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे, त्यातले २१८ मीरा-भाईंदरसाठी आणि १८५ वसई-विरारसाठी. शहरातल्या बाईने डोकं धुऊ नये असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या जिल्ह्यात धरण आहे तिथली बाई मचूळ पाण्याने न्हाते आणि तिचे केस काथ्यासारखे होतात, तेव्हा तो तिचा आळस कसा ठरतो? 'स्वतःकडे लक्ष देत नाही गं ती' असं आपण किती सहज म्हणतो!

आणि लक्ष द्यायचं कधी? पाणी तापवायचं, केस धुवायचे, उन्हात वाळवायचे, तेल लावून विंचरायचे, यात दीड तास जातो. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. कमाईचं काम वेगळंच. मच्छी लिलावाला पहाटे जाणारी बाई न्हायला बसणार कधी? ओले केस तशीच बांधते, वर पदर घेते आणि निघते. आठवड्याचे पंधरा दिवस होतात, पंधराचा महिना.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं, म्हणजे वाढलं. शरीरात लोह कमी पडलं की केस गळतात, विरळ होतात. अशा बाईने डोक्यावर बाटलीभर तेल ओतलं तरी गळणं थांबणार नाही. 'काय लावू?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'काय खातेस, कुणाच्या मागून जेवतेस' इथे आहे. ज्या प्रश्नात पाणी आहे, मजुरी आहे, घरकाम आहे, रक्तातलं लोह आहे, त्या प्रश्नाला आपण हसलो.

आपण हसलो, पण बाजार हसला नाही. त्याने तो प्रश्न शंभर वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी एक पुडी पुढे केली. गावातल्या कुठल्याही टपरीवर दूध मिळेल न मिळेल, शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. आधी केसातलं तेल काढणारी पुडी, मग गेलेला मऊपणा परत आणणारी दुसरी पुडी. 'चिकट नाही, हलकं' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ केशतेलांच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. तिथे लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असं असतं, म्हणजे खनिज तेल. बदामाचं चित्र पुढे, खनिज तेल मागे. साधं खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी केसाची झीज कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाचं तेल तसं करत नाही. हा निष्कर्ष मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्याच आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केला. कंपनी खोबरेल विकणारी आहे, तेव्हा तिचा फायदा त्यात आहेच, हे लक्षात ठेवून वाचायचं. पण आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. फरक इतकाच की आजीच्या बोलण्याला आपण 'जुन्या बायकांचं' म्हणालो.

सरकारचं पाहा. जीएसटी आला तेव्हापासून खाण्याच्या तेलावर ५ टक्के कर होता आणि केसांच्या तेलावर १८. मग खोबरेलाची छोटी बाटली कशात धरायची? हा वाद जीएसटीच्या आधीपासूनचा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की खाद्यतेल म्हणून विकलेलं खोबरेल, बाटली लहान असली म्हणून केशतेल ठरत नाही. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा करही ५ टक्के झाला. आठ वर्षं बाईच्या डोक्यावरच्या तेलाला १८ टक्के पडत होते. याच राज्यातल्या आश्रमशाळांमधल्या मुलींना द्यायच्या वस्तूंच्या यादीत साबणाबरोबर खोबरेल तेल असतं. म्हणजे शाळेतल्या मुलीला तेल ही गरज आणि तीच मुलगी लग्न होऊन संसाराला लागली की तेल म्हणजे प्रसाधन!

या आठ वर्षांत आपण कुठे होतो? सॅनिटरी नॅपकिनवरच्या १२ टक्के कराविरुद्ध देशभर बायका बोलल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द करावा लागला. तेलाबद्दल कुणी ब्र काढला नाही. कारण तेल मागायला आपल्यालाच लाज वाटते.

या लाजेची मुळं आपल्या चळवळीतही आहेत. १९९६ साली बंगळुरूच्या विश्वसुंदरी स्पर्धेला अनेक संघटनांनी विरोध केला. बाईचं शरीर विकाऊ नाही, हे तेव्हा ठणकावून सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पण सौंदर्याच्या बाजाराला नको म्हणता म्हणता आपण शरीराची निगाच त्या बाजाराच्या हवाली करून टाकली. साधी राहणी म्हणजे कोरडं डोकं, असं कुणी कधी लिहून दिलं नाही, पण तसा दंडक झाला. एरवी केस हा आपल्याकडे केवढा मोठा राजकीय विषय! विधवेचं केशवपन करणार नाही, असं मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली ठरवलं, ते आपण भाषणात सांगतो. वस्तरा चालवणं हा अन्याय होता हे कळतं. डोक्यात फणीच शिरू नये अशी परिस्थिती बाईवर येणं, हेही त्याच जातीचं आहे, हे मात्र कळत नाही.

मला ते कळलं त्याचं कारण सांगते. बैठकीनंतर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी त्या बाईच्या घरी गेलो. ती अंगणातच होती. डोकं गच्च बांधलेलं. विचारलं तर बोलेना. शेवटी सासू म्हणाली, "हात लावू नका. देवीचं आलंय." मानेच्या वर, जिथे बांधलेले केस सतत घासतात तिथे, मुठीएवढा गुंता घट्ट झाला होता. बैठकीत तिने पदर मागे घेतला तो हेच दाखवायला. आम्ही बघितलं नव्हतं.

जट म्हणतात ती हीच. कोरडे, न विंचरलेले केस, बाळंतपण, लांबलेलं आजारपण, उवा, आणि वर 'कापलीस तर घरात मरण येईल' ही भीती. एकदा देवीचं नाव लागलं की तिथे पाणी नाही, फणी नाही. जट वाढते, जड होते, मान दुखते, आत उवा होतात, वास येतो, बाई चारचौघींत बसेनाशी होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटक सीमेवर तर जट आलेल्या मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या आहेत. तेलाच्या एका बाटलीअभावी आणि दीड तासाच्या फुरसतीअभावी जे सुरू होतं, ते इथवर जाऊन पोचतं.

पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून जास्त बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या आधी ब्युटी पार्लर चालवत. मला यात मोठा धडा दिसतो. आपण ज्या कामाला नाक मुरडतो त्या कामातल्या हाताने, कात्रीने आणि समजुतीने बायका मोकळ्या झाल्या. जटेच्या विरोधात व्याख्यान देणाऱ्या पुष्कळ, डोक्याला हात लावणारी एखादी.

घिवलीला आम्ही दोन दुपारी बसलो. सासूला समोर बसवलं, तिच्याच हाताने वाटीत खोबरेल ओतवलं. गुंता तेलात भिजवला, टोकाकडून वर वर बोटांनी सोडवत गेलो. थोडेच केस कापावे लागले. दुसऱ्या दिवशी सासूच म्हणाली, "माझ्याही डोक्याला जरा लावा गं." कुणी मेलं नाही. ती बाई आता बैठकीत पुढे बसते.

तेव्हा पुढच्या थंडीआधी काय करायचं, ते बोलू. बैठकीत 'काय लावू?' विचारलं की तिथेच उत्तर द्यायचं, चहाची वाट पाहायची नाही. उत्तर साधं आहे. कपड्याचा साबण डोक्याला नको. शिकेकाई-रिठा किंवा थोडासाच शांपू पुरतो. पाणी कोमट असावं, कढत नको. पिण्याच्या गोड्या पाण्यातला एक तांब्या राखून शेवटी तो केसांवर ओतावा. केस दमट असतानाच टोकांना दोन थेंब खोबरेल लावावं. तेल स्वतः ओल देत नाही, असलेली ओल धरून ठेवतं. जाड दातांची फणी टोकाकडून चालवावी. टोपलीखाली, वाऱ्यात सुती फडकं बांधावं, ओले केस आवळून बांधू नयेत. मूठभर केस हातात येत असतील तर तेल बदलण्याआधी उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावं आणि लोहाच्या गोळ्या मागाव्यात.

पण एवढं सांगून उठलो तर आपणही पुडीच विकली. मागण्याही लिहून घ्या. किनाऱ्यावरच्या गावांना सूर्येच्या पाण्यात वाटा. मच्छी बाजारात आणि कारखान्यात बायकांना धुण्या-न्हाण्याची आडोशाची जागा. रेशनवर खाद्यतेल, म्हणजे डोक्याला लावलेला चमचा आमटीच्या फोडणीतून काढावा लागणार नाही. आणि घरातली ती २८९ मिनिटं वाटून घेणारा नवरा. त्यासाठी मोर्चा नेण्याइतकंही लांब जायला नको.

आपापल्या गावातल्या बैठकीत एकदा हा विषय मुद्दाम घ्या. पहिल्यांदा हशा होईल. होऊ द्या. हशा थांबला की मागच्या रांगेकडे बघा. कुणीतरी पदर मागे घेत असेल.