अहवाल सुधारला, म्हणून गोळी बंद?

रक्ततपासणीचा अहवाल समाधानकारक आला की कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करायची, ही प्रवृत्ती सुशिक्षित कुटुंबांतही सर्रास आढळते. ताप उतरला की औषध थांबवायचे, असा त्यामागील सरळ हिशेब असतो. परंतु येथे तो हिशेब चुकतो. अहवालातील आकडा खाली आलेला असतो, तो बहुतांशी गोळीमुळेच. ती थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा वर चढतो आणि शरीराला त्याची चाहूलही लागत नाही.

‘स्टॅटिन’ वर्गातील ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. परिणामी यकृत रक्तातील एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशी तपासून १९७० च्या दशकात या वर्गातील पहिले द्रव्य शोधले. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांतील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे साडेपाच वर्षांत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण, औषधाविना राहिलेल्यांच्या तुलनेत, ३० टक्क्यांनी कमी आढळले.

एवढा पुरावा हाती असूनही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत खेदजनक चित्र दिसले. हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी स्टॅटिन घेणारे श्रीमंत देशांत ६६.५ टक्के होते. भारताचा समावेश असलेल्या अल्प उत्पन्न गटात अवघे ३.३ टक्के!

अर्थात, प्रत्येकाने गोळी घ्यावी असे मुळीच नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि कौटुंबिक इतिहास यांचा एकत्रित विचार करूनच निर्णय व्हावा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये एलडीएलची मर्यादाही जोखमीनुसार ठरविली : कमी जोखमीच्या व्यक्तींसाठी १०० मिलिग्रॅमच्या आत, अधिक जोखमीच्यांसाठी ७० च्या आत, तर अतिजोखमीच्यांसाठी ५५ च्या आत. म्हणूनच एकाचा दिलासादायक अहवाल दुसऱ्यासाठी धोक्याची सूचना ठरू शकतो.

स्नायुदुखी किंवा रक्तशर्करेत किंचित वाढ संभवते. तेव्हा मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे डॉक्टरांचे काम आहे. आहारनियमन आणि व्यायाम यांना तर पर्यायच नाही. विम्याचा हप्ता थकला की स्मरणपत्र येते. रक्तवाहिनी मात्र असे पत्र धाडत नाही. गोळी थांबविण्याचा निर्णय म्हणूनच वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा.