खरेदीखतातला एक शब्द

पेणमध्ये गणपतीचा एखादा कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा नेमके काय विकले जाते, हे इथल्या कोणालाही विचारून पाहावे. शेड विकली जाते, साचे विकले जातात, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांची वही उधारीसकट विकली जाते. पाटीवरच्या नावाचा प्रश्न बहुधा वेगळा सोडवावा लागतो, कारण ते आजोबांचे असते आणि घरातला कोणीतरी ते द्यायला राजी नसतो. आणि मूर्तीचे डोळे आखणारा कारागीर? तो कोणत्याच कागदावर नसतो. नव्या मालकाशी जमले तर राहतो, नाही तर हमरापूरकडच्या दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये कुंचला घेऊन बसतो.

मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेत असल्याचे जाहीर केले तो दिवस होता ३ सप्टेंबर २०१३. त्या वर्षी गणेश चतुर्थी ९ तारखेला होती. म्हणजे पेणला ही बातमी वाचायला अजिबात सवड नव्हती. शेवटच्या गाड्या भरल्या जात होत्या आणि ‘गाडी निघाली का’ हे ज्या फोनांवरून विचारले जात होते, त्यांतले कितीतरी त्याच कंपनीचे होते. तरीही पेणच्या व्यवहारज्ञानाने हा सौदा जितका नीट समजतो तितका तो अर्थविषयक पुरवण्यांतून समजला नाही, असे माझे मत आहे. किंमत होती ५४४ कोटी युरो. त्यांतले ३७९ कोटी धंद्याचे आणि १६५ कोटी पेटंटच्या परवान्यांचे. साचे गेले, शेड गेल्या, माणसे गेली. पाटी मात्र पूर्ण गेली नाही : ‘नोकिया’ हे नाव फिनलंडमधल्या मूळ कंपनीकडेच राहिले आणि साध्या फोनांवर ते लावण्याचा दहा वर्षांचा परवाना तेवढा मायक्रोसॉफ्टला मिळाला. मालकी हक्काने मिळाली ती दोन नावे, ‘लुमिया’ आणि ‘आशा’.

दुसरे नाव आपल्या ओळखीचे आहे. नोकियाने २०११ साली स्वस्त फोनांच्या मालिकेला ते दिले, आणि ते हिंदीतून घेतल्याचे सांगितले. मराठीचाही त्यावर तितकाच हक्क आहे. एका फिनिश कंपनीने एका अमेरिकी कंपनीला केलेल्या विक्रीच्या कागदांत आपल्या भाषेतला एक शब्द मालमत्ता म्हणून नोंदलेला असावा, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहण्याजोगी आहे. सौदा २५ एप्रिल २०१४ रोजी पुरा झाला. तीन महिने भरायच्या आत, १७ जुलैला, मायक्रोसॉफ्टने १८,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतली सुमारे १२,५०० नोकियाकडून आलेली होती. ‘आशा’ मालिकेचा पुढचा विकासही त्याच दिवशी थांबला. या योगायोगावर कोटी करण्याचा मोह होतो, पण तो आवरतो. श्लेषाने नोकरी परत मिळत नाही.

या प्रकरणातले दोन मजकूर मात्र वाङ्मयाच्या वर्गात वाचायला हवेत. पहिला फेब्रुवारी २०११ मधला. पाचेक महिन्यांपूर्वी मायक्रोसॉफ्टमधून नोकियात प्रमुख म्हणून आलेले स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेले हे पत्र बाहेर फुटले आणि ‘जळता फलाट’ म्हणून गाजले. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर काम करणारा एक माणूस स्फोटाने जागा होतो. भोवती ज्वाळा, खाली गोठवणारे पाणी. तो उडी मारतो आणि वाचतो. आपल्या काव्यशास्त्रात याला अन्योक्ती म्हणतात : सांगायचे एकाबद्दल, बोलायचे दुसऱ्याबद्दल. पण अन्योक्तीची परीक्षा उपमान आणि उपमेय जिथे जुळत नाहीत तिथे होते. पत्रातला माणूस एकटा आहे. त्याचा जीव, त्याचा निर्णय, त्याचीच उडी. कंपनीत निर्णय एकाचा होता आणि उडी हजारोंची. शिवाय उडी कोणत्या पाण्यात मारायची तेही काही दिवसांतच कळले : नोकियाने स्वतःची सिंबियन ही प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन पत्करली. अडीच वर्षांनी धंदाच मायक्रोसॉफ्टने घेतला, आणि एलॉप त्याच्यासोबत पुन्हा मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. फिनलंडमध्ये त्यांना ट्रोजन घोडा म्हणणारे निघाले. मला तो आरोप सिद्ध करता येणार नाही आणि त्यात रसही नाही. मला रस आहे तो एका रूपकाने हजारो माणसांचा एकच माणूस कसा केला यात.

दुसरा मजकूर १७ जुलै २०१४ चा, पुन्हा एलॉप यांचाच. सुरुवात एका सलगीच्या नमस्काराने, मग धोरण, मग उत्पादनांची मांडणी, आणि बरेच परिच्छेद ओलांडल्यावर १२,५०० हा आकडा. दुःखद बातमी आधी सांगावी की नंतर, याचे काही संकेत आपल्याकडे ग्रामीण पत्रलेखनातही होते. तारेत तर पहिलाच शब्द पुरे होई. इथे बातमी मजकुराच्या पोटात दडवली आहे. शैली म्हणजे निव्वळ अलंकार, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी हे पत्र परिच्छेद मोजत वाचावे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते हिशेबाचे आहे. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत धरले आणि आणखी ७,८०० माणसे कमी केली. २०१६ साली साध्या फोनांचा धंदा ३५ कोटी डॉलरना विकून टाकला. दरम्यान प्रमुखपदी आलेल्या सत्य नडेला यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात, या खरेदीला आपण विरोध केला होता, असे लिहिले. तमिळनाडूतला श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना करांच्या वादामुळे सौद्यातच आला नाही. तो १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण या कथेचा एक सांधा इथे आहे आणि तो विसरला गेला आहे. नोकियाने ‘लाइफ टूल्स’ नावाची सेवा २००९ साली भारतभर नेली, त्याआधी तिची चाचणी महाराष्ट्रात घेतली होती. इंटरनेट नको, महागडा फोन नको. लघुसंदेशाच्या वाटेने बाजारभाव, हवामान, शेतीचा सल्ला, इंग्रजीचे धडे, राशिभविष्य. रॉयटर्सने २००७ पासून महाराष्ट्रातच शेतकऱ्यांसाठी मराठी लघुसंदेशांची सेवा सुरू केली होती आणि तिची विक्री टपाल कार्यालयांतूनही होत असे. म्हणजे त्या दशकाच्या अखेरीस मराठीत एक नवे गद्य जन्माला आले होते : दर, पाऊस, फवारणी यांविषयीचे, मोजक्या अक्षरांतले, ज्याच्या प्रत्येक शब्दावर कोणाचे तरी चार पैसे अवलंबून होते असे गद्य. ते कोणी लिहिले? कोणत्या बोलीत? ‘फवारावे’ की ‘फवारा’? मराठीच्या शैलीविचारावरच्या पुस्तकांत मला त्याचा एकही नमुना भेटलेला नाही. आपण त्या काळात ‘एसेमेसच्या भाषेने मराठी बिघडते’ यावर परिसंवाद घेत होतो. मीही दोनदा बोललो आहे. मायक्रोसॉफ्टशी सौदा ठरला, आणि २०१३ सरता सरता नोकियाने ही सेवा आवरती घेतली. ते गद्यही तिच्याबरोबर गेले.

आपण ज्याला बिघाड म्हणत होतो त्याची कारणेही तपासली नाहीत. लघुसंदेशाला १४० बाइटची मर्यादा होती. रोमन अक्षर सात बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे मावत. देवनागरीसाठी सोळा बिट लागत, म्हणून फक्त ७०. आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो, फोन त्याचे दहा तुकडे मोजतो. रोमनमध्ये त्याला अकरा लागतात, म्हणजे आपलीच लिपी आटोपशीर आहे. पण दहा हा सत्तरचा सातवा हिस्सा होतो आणि अकरा हा एकशेसाठच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास. मराठी माणूस रोमनमध्ये मराठी लिहू लागला तो इंग्रजीच्या मोहाने, असे आपण वर्गात सांगत राहिलो. त्याने दुप्पट भाडे द्यायचे नाकारले होते, इतकेच.

छपाईच्या सोयीपुढे मोडी मागे पडली तेव्हाही असेच काहीसे घडले होते. यंत्र लिपीविषयी मत देत नाही, तिचा दर ठरवते. मग दर ठरवण्याच्या जागी आपले कोणी बसलेले असावे लागते. ते बसले तेव्हा काय झाले याचेही उदाहरण आहे, आणि तेही मायक्रोसॉफ्टमधलेच. विंडोज २००० पासून लाखो संगणकांवर देवनागरी ज्या ‘मंगल’ टंकात दिसू लागली, तो घडवला र. कृ. जोशी यांनी. मराठीतले प्रयोगशील कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईतले अध्यापक असलेले जोशी २००८ साली गेले. त्यांच्या कवितेवर आपण लिहितो, पण त्यांच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कामावर, म्हणजे त्या टंकावर, मराठी विभागात कोणी प्रबंध लिहील असे वाटत नाही. ते काम तांत्रिक मानले जाते.

तांत्रिक म्हणजे काय, हे पेणकराला दोन शब्दांत सांगता येते. पश्चिमेला दर्या आहे, पूर्वेला दऱ्या आहेत. मराठीने हा भेद र-च्या दोन रूपांनी राखला; कितीतरी फोनांनी आणि कळपाट्यांनी तो पुसला, आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आता छापील मजकुरातही दिसते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवणारे हे तंत्र आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. ती आपोआप मिळाली नाही. भाषेची गरज कोणीतरी कागदावर मांडावी लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आज फोनवर जितकी मराठी लिहिली जाते तितकी पूर्वी कधीच लिहिली जात नव्हती. सत्तर अक्षरांची मर्यादाही व्यवहारात उरली नाही. हे बड्या कंपन्यांमुळेच झाले. मान्य आहे. पण एका कंपनीने दिलेली सोय दुसऱ्या कंपनीच्या सौद्यात कशी विरते, हे आपण एकदा पाहिले आहे. म्हणून मला भारतीय मानक ब्यूरोचे २०१६ चे आयएस १६३३३ हे मानक कोणत्याही नव्या फोनपेक्षा महत्त्वाचे वाटते. इथे विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता यावा, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, अशी त्याची अट आहे. ‘आणखी एका’ या शब्दांत मराठीची निश्चिती नाही, हे खरे. तरी फोनवर भाषा असणे ही विक्रेत्याची मेहेरबानी राहिली नाही. अशा अटींच्या मसुद्यांवर हरकती पाठवण्याचे काम साहित्य संस्थांचे आणि विद्यापीठांतल्या मराठी विभागांचे आहे. शुद्धलेखनाच्या नियमांवर आपण पिढ्यान्पिढ्या भांडलो. ही त्याच भांडणाची नवी जागा आहे.

आणि जे लिहून झाले आहे त्याचे काय? साने गुरुजींची पत्रे आपण अभ्यासतो, जी. एं.ची निवडक पत्रे खंडांत छापली. त्यानंतरच्या माणसांनीही एकमेकांना लिहिलेच आहे. ते खणांत पडलेल्या मृत फोनांत आहे. खासगी आहे, ते उघड करण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न अवघड आहे. पण वाचवून ठेवण्यापुरता तो आड येत नाही.

माझ्या खणात असा एक फोन आहे. कोणत्या कंपनीचा ते महत्त्वाचे नाही. त्यात रोह्याच्या मावशीचे संदेश आहेत, सगळे रोमन लिपीतले. ती सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी तिला येत नव्हते. अक्षरे नातवाने शिकवली होती. गेल्या पावसाळ्यात बॅटरी फुगली तेव्हा पेणच्या स्थानकाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या फोनची बॅटरी तारांनी जोडून तो अर्धा तास चालू करून दिला. मी दुकानाच्या फळीवर वही ठेवून उतरवत गेलो, देवनागरीत. रोमनमध्ये ‘ळ’ नाही, म्हणून मावशीची केळी सगळीकडे ‘केली’ झाली होती. संदर्भाने ती दुरुस्त करता आली. एका संदेशात मात्र ती कामे केली म्हणते आहे की केळी पाठवली म्हणते आहे, ते अजून ठरलेले नाही. वहीत दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत.