विश्लेषण : आवडता बँड गोंदियात आणायचा, तर पैसे कुणाचे आणि जोखीम कुणाची?

एखाद्या लोकप्रिय बँडच्या दौऱ्याच्या तारखा जाहीर झाल्या की यादीत मुंबई, पुणे आणि नशीब जोरावर असेल तर नागपूर असते. गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या चाहत्याला तिकिटाबरोबर रेल्वेचे भाडे, रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी असा सगळा खर्च जोडावा लागतो. मग मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतोच, ‘आपणच पैसे गोळा करून त्यांना इकडे बोलावले तर?’ ही कल्पना हास्यास्पद नाही. जगात काही ठिकाणी चाहत्यांनी हे करून दाखवले आहे. आपल्या झाडीपट्टीत तर नाटकासाठी हेच अनेक पिढ्यांपासून सुरू आहे, फक्त त्याला कुणी ‘क्राउडफंडिंग’ म्हणत नाही. मात्र पैसे जमवण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. कार्यक्रम फसला तर नुकसान कोण सोसणार?

बँड लहान शहरात का येत नाहीत?

कार्यक्रमाचे गणित साधारणपणे आयोजक मांडतो. कलाकारांचे मानधन, प्रवास, हॉटेल, ध्वनी आणि प्रकाशयोजना, मंच, जनरेटर, सुरक्षा आणि परवानग्या हा सगळा खर्च तो आधी करतो आणि तिकीटविक्री व प्रायोजकांतून वसूल करतो. तिकिटे खपली नाहीत तर तोटा त्याचा. त्यामुळे जिथे विक्रीची खात्री, तिथेच तो जातो.

इथे लहान शहरांची एक अडचण होते. गोंदियाचा चाहता नागपूरला जाऊन कार्यक्रम पाहतो, तेव्हा ती मागणी नागपूरच्या खात्यात जमा होते. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम झाले. तिथे राज्यातल्या कानाकोपऱ्यातून लोक गेले. पण त्यावरून कोणत्या जिल्ह्यात किती चाहते आहेत, हे पुढच्या आयोजकाला दिसत नाही. चाहत्यांच्या मोहिमेचा खरा उपयोग इथे आहे. ‘आम्ही इतके जण आहोत आणि पैसे मोजायला तयार आहोत’, हा पुरावा ती आधीच देते.

जगात हे कुठे घडले?

इंटरनेटवरचे सर्वात गाजलेले जुने उदाहरण १९९७ चे आहे. ‘मॅरिलियन’ या ब्रिटिश बँडला अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. चाहत्यांनी आपणहून सुमारे ६० हजार डॉलर जमवले आणि दौरा झाला. त्यातून बँडने धडा घेतला आणि २००१ च्या अल्बमसाठी सुमारे १२ हजार चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेतले.

२०१४ मध्ये अमेरिकेतील रिचमंड शहरातील चाहत्यांनी ‘फू फायटर्स’ला बोलावण्यासाठी बँडला न विचारताच ५० डॉलरची सुमारे १,४०० तिकिटे विकली. ७० हजार डॉलर जमले आणि सप्टेंबरमध्ये बँड खरोखरच तिथे वाजवून गेला.

त्यानंतरच्या वर्षी इटलीतील चेझेना या शहराने वेगळाच मार्ग धरला. बँडचे मानधन जमवण्याऐवजी त्यांनी लोकवर्गणीतून २६ जुलै २०१५ रोजी एक हजार वादक-गायकांना एका मैदानात आणले आणि त्याच बँडचे गाणे एकत्र वाजवले. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि ३ नोव्हेंबर २०१५ रोजी फू फायटर्स चेझेनात आले. चेझेनाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३२ हजार होती. म्हणजे शहर लहान आहे, एवढ्याच कारणाने हे अशक्य ठरत नाही.

पण या गोष्टी गाजल्या, कारण त्या दुर्मीळ आहेत. ज्या मोहिमांना बँडने उत्तरच दिले नाही, त्यांची बातमी होत नाही.

रिओचे प्रारूप वेगळे कसे?

नियमितपणे चालू शकेल अशी पद्धत ब्राझीलमध्ये तयार झाली. परदेशी बँड साओ पाउलोला येत, पण रिओ दि जानेरो वगळत. २०१० मध्ये रिओतील पाच मित्रांनी ‘केरेमोस’ म्हणजे ‘आम्हाला हवे आहे’ या नावाने उपक्रम सुरू केला.

त्यात आधी काही चाहते मोठी रक्कम भरत. खर्चाएवढे पैसे जमले की कार्यक्रम पक्का होई आणि मग सर्वांसाठी नेहमीची तिकिटे विक्रीला येत. ही तिकिटे पुरेशी खपली की सुरुवातीला पैसे भरणाऱ्यांना त्यांची रक्कम परत मिळे. त्यांना कार्यक्रम फुकट पडे. विक्री कमी झाली तर परतावा कमी मिळे. म्हणजे तोटा एकट्या आयोजकाच्या डोक्यावर न बसता शेकडो चाहत्यांत वाटला जाई आणि तो जास्तीत जास्त किती असेल, हे प्रत्येकाला आधीच माहीत असे.

झाडीपट्टीत हे आधीपासून कसे चालते?

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. नाट्य कंपन्यांचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगावच्या पुढे हे गाव लागते.

गावातले मंडळ वडशाला जाते, नाटक निवडते, तारीख पक्की करते आणि आगाऊ रक्कम देते. बहुतेक वेळा निमित्त मंडईचे किंवा शंकरपटाचे असते. कंपनी कलावंत, वादक आणि नेपथ्यासह गावात येते. शामियाना, जागा, परवानगी आणि तिकीटविक्री मंडळ पाहते. घराघरांत पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टीही याच गर्दीत निघतात. उरलेले पैसे गावाच्या कामाला किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाला लागतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतील अनेकांनी तिचे नाव पहिल्यांदा ऐकले.

इथे तोटा सोसते ते मंडळ. अवकाळी पाऊस आला, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरे नाटक लागले किंवा धानाचे चुकारे वेळेवर न मिळाल्याने लोकांच्या हातात पैसा नसला, तर कंपनीचे ठरलेले पैसे मंडळाच्या सदस्यांना द्यावेच लागतात. तरीही ही पद्धत टिकली, कारण पैसे घेणारा गावातलाच असतो. हिशेब चुकला तर त्याला दुसऱ्या दिवशी चौकात जाब द्यावा लागतो.

मग बँडसाठी हीच पद्धत का पुरत नाही?

तीन फरक आहेत. पहिला, नाट्य कंपनी गावच्या साधनांत प्रयोग करते. बँडला मंच, ध्वनियंत्रणा आणि वीजपुरवठा ठरावीक प्रतीचा लागतो आणि तो खर्च अनेकदा मानधनाइतकाच मोठा होतो. दुसरा, नाटकाचा प्रेक्षक गावात आणि आसपासच्या पाच-दहा गावांत असतो. बँडचे चाहते आठही तालुक्यांत आणि बालाघाट, भंडारा, राजनांदगावपर्यंत विखुरलेले असतात.

तिसरा फरक विश्वासाचा. ऑनलाइन मोहिमेत पैसे देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. चौकात जाब विचारण्याची सोय नसेल, तर तिची जागा लेखी अटींनी घ्यावी लागते.

हिशेब कसा मांडता येईल?

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. एका मराठी बँडच्या कार्यक्रमाचा एकूण खर्च ८ लाख रुपये आणि तिकीट ४०० रुपये धरू. खर्च निघण्यासाठी २ हजार तिकिटे खपायला हवीत. प्रत्यक्षात १,२०० खपली, तर ४ लाख ८० हजार जमतील आणि ३ लाख २० हजारांचा तोटा होईल.

• मंडळाची पद्धत : २० सदस्यांनी जबाबदारी घेतली असेल, तर प्रत्येकाच्या खिशातून १६ हजार जातील.

• रिओची पद्धत : ४०० चाहत्यांनी प्रत्येकी २ हजार आधी भरले असतील, तर विक्रीतून प्रत्येकाला १,२०० परत मिळतील. त्याला कार्यक्रम ८०० रुपयांना पडला, इतकेच. सगळी २ हजार तिकिटे खपली तर पूर्ण रक्कम परत. फक्त ५०० खपली तर ५०० रुपये परत आणि १,५०० गेले.

• नुसती देणगी : एकाच्या यूपीआय खात्यात ८ लाख जमले आणि बँडने नकार दिला, तर पैसे कधी आणि कसे परत येणार, याचे उत्तर त्या एका माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहील.

तोटा तिन्ही वेळा होऊ शकतो. पण दुसऱ्या पद्धतीत तो कुणाचे घर बुडवत नाही.

कायदा काय सांगतो?

देणगी घेऊन किंवा बदल्यात तिकीट देऊन लोकांकडून पैसे जमवण्यावर बंदी नाही. मात्र ‘पैसे लावा, नफ्यात वाटा मिळेल’ असे आश्वासन दिले की विषय गुंतवणुकीच्या नियमांत जातो. ते टाळलेलेच बरे.

धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. तिकिटाचा कार्यक्रम त्यात बसत नाही. पण ‘नफा शाळेला किंवा मंदिराला देऊ’ असे सांगून पैसे मागायचे असतील, तर आधी त्या कार्यालयात विचारणा करावी.

संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. २ हजारांच्या आगाऊ रकमेत प्रवेशही धरला असेल तर तिचा हिशेब कसा होईल, हे करसल्लागाराला विचारून ठरवावे. नोंदणीकृत बँड मानधनावर १८ टक्के जीएसटी लावतो, तोही अंदाजपत्रकात हवा.

पोलिसांची परवानगी आणि सादर होणाऱ्या गाण्यांच्या स्वामित्वहक्काचा परवाना आधी घ्यावा लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस सरकार ठरवते. त्यामुळे कार्यक्रम संध्याकाळी ६ ला सुरू करणेच शहाणपणाचे.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

• बँडचे किंवा त्याच्या व्यवस्थापकाचे लेखी उत्तर आले आहे का? ‘बोलणे सुरू आहे’ याला होकार समजू नये.

• लक्ष्य आणि अंतिम तारीख जाहीर आहे का? रक्कम न जमल्यास सर्वांना पूर्ण परतावा, ही अट लिहिलेली आहे का?

• पैसे कुणाच्या खात्यात जातात? एकाच्या खासगी खात्यापेक्षा दोन-तीन जणांच्या सहीचे संयुक्त खाते किंवा नोंदणीकृत संस्थेचे खाते बरे.

• पाऊस, आजारपण किंवा परवानगी नाकारल्यामुळे कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ मानधन परत मिळणार का, हे करारात आहे का?

• फॉरवर्ड होत आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत. स्कॅन केल्यावर दिसणारे नाव मोहिमेच्या जाहीर खात्याशी जुळते का, ते पाहावे.

तिकीट घेतलेला प्रेक्षक हा ग्राहक असतो. परतावा अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर तातडीने कळवावे.

गोंदियात हे शक्य आहे का?

परदेशी बँडच्या मागे लागणाऱ्या मोहिमेचे पैसे बहुधा परतच करावे लागतील. पण नागपूर-पुण्याचा मराठी बँड, रायपूरचा एखादा गट किंवा नुकतेच नाव मिळवलेले कलाकार यांचा खर्च चारशे चाहत्यांच्या आवाक्यात येऊ शकतो. एखादा बँड नागपूर आणि रायपूर दोन्हीकडे कार्यक्रम करणार असेल, तर मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे गोंदिया मधेच पडते. दोन कार्यक्रमांमधला रिकामा दिवस मागितला तर प्रवासखर्चही वाचतो.

सुरुवात पैशांपासून करू नये. आधी नावे आणि तालुके नोंदवून घ्यावेत. मग बँडला तो आकडा दाखवून लेखी होकार आणि खर्चाचा आकडा मिळवावा आणि त्यानंतरच खाते उघडावे. यादीत शंभरही नावे आली नाहीत, तर कुणाचाही रुपया न जाता उत्तर मिळाले असे समजावे. नाटकाची तारीख घ्यायला वडशाला निघण्यापूर्वी गावातले मंडळही आधी हेच पाहते. यंदा पीक कसे आहे, शेजारच्या गावात त्या रात्री काय आहे आणि तोटा झालाच तर आपल्यातले किती जण मागे उभे राहतील, याचा अंदाज घेऊनच ते आगाऊ रक्कम हातात घेते.