म्हातारी गाडी, तरणं इंजिन

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरासमोर ती गाडी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा पुण्याहून सुट्टीला आलेली माझी धाकटी बहीण खिडकीतून डोकावली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, शेजारी कोणी गेलं का रे?"

तिची चूक नव्हती. काळी, लांबलचक, मागून पेटीसारखी चौकोनी स्टेशन वॅगन पाहिली की आपल्याकडच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. भारतात या जातीच्या गाड्यांचं कधी जमलंच नाही. टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' आणली, पुढे मारुतीने बलेनोची 'अल्टुरा' काढली. घरची माणसं आणि त्यांचं लग्नाला निघालेलं सामान अशा गाडीत आरामात मावतं. पण आपल्याला डिकी कशी वेगळी, बाहेर काढलेली हवी. डोक्यामागे बोचकी दिसली की आपल्याला टेम्पोत बसल्यासारखं वाटतं. युरोपात उलट. मागे कुत्रा, मुलांच्या सायकली आणि बागेसाठी घेतलेली मातीची पोती, हे दृश्य तिथे सुखवस्तू घराची खूण मानलं जातं.

माझी गाडी म्हणजे १९९६ सालची व्होल्वो ८५०, टी-५. दिसायला शाळेच्या मुख्याध्यापकासारखी. पण बॉनेटखाली पाच सिलिंडरचं, टर्बो बसवलेलं, सव्वादोनशे अश्वशक्तीचं इंजिन. १९९४ साली याच गाडीची वॅगन चक्क ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत उतरली होती. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स हे दोघे ती चालवत. इतर संघांनी यथेच्छ टिंगल केली. शर्यतीआधीच्या एका संचलनात व्होल्वोवाल्यांनी मागच्या काचेत भुसा भरलेला कुत्रा बसवला होता, असं सांगतात. त्या मोसमात वॅगनने एकही शर्यत जिंकली नाही आणि पुढच्या वर्षी कंपनीने सेडान उतरवली. मी तेव्हा या देशात नवा होतो, भाड्याच्या खोलीत राहत होतो, आणि टीव्हीवर ती किराणा आणायची गाडी दोन चाकं उचलून वळणं घेताना पाहून एकटाच हसत सुटलो होतो. ती गाडी डोक्यात राहिली. २०२२ च्या मे महिन्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी ती घेतली. बावीसशे पौंडांना. घरी अठराशे सांगितले. (हा लेख छापून येईल तेव्हा ते उघडकीला येईलच.)

जुनी गाडी घेताना माणूस रंग बघतो, टायरला लाथ मारतो, काही कळत असल्यासारखा इंजिनचा आवाज ऐकतो. खरी माहिती कागदात असते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात, आणि तिच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. मी त्या पाहिल्या. लागोपाठ तीन वर्षं गाडीचं रनिंग तेच होतं, एका मैलाचाही फरक नाही. म्हणजे एक तर गाडी फक्त तपासणीपुरती जागची हलली होती किंवा मीटर बंद होतं. विकणाऱ्या बाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्या खरोखरच चकित झाल्या. गाडी त्यांच्या दिवंगत नवऱ्याची होती. मीटरमधलं एक इवलंसं प्लॅस्टिकचं दातेरी चाक वयापरत्वे ठिसूळ होऊन तुटलं होतं. काळ तिथेच थांबला होता म्हणा ना. मी घासाघीस करणार होतो, पण त्या बाई गॅरेजच्या दारात ज्या तऱ्हेने उभ्या होत्या ते पाहून तोंडातून शब्द फुटला नाही.

घरी आणल्यावर कळलं की इंजिनाला तेलाची गळती आहे. आमच्या शेजारचे आजोबा कॉव्हेंट्रीजवळच्या रायटनच्या कारखान्यात गाड्या जोडण्यात हयात घालवलेले. तो कारखाना २००६ मध्ये बंद झाला. कुंपणावरून ते म्हणाले, "स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा आण." मी आणला. त्यांनी इंजिनात तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं, त्यावर मोजा ताणून बसवला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. मोजा हळूहळू फुगला आणि पाचही बोटं पसरून, थरथरत उभा राहिला. कोणी आशीर्वाद देतंय असं वाटावं! अर्थ असा, की इंजिनाला श्वास सोडायची वाट बंद झाली होती. आतल्या वाफा आणि वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या काजळीने बुजल्या, की आतला दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या सीलमधून वाट काढतं. मग नुसतं सील बदलून भागत नाही. आठ दिवसांत पुन्हा गळतं. वाट मोकळी करावी लागते, आणि ती असते इनटेकच्या नळकांड्यांच्या मागे, हात जाणार नाही अशा ठिकाणी.

तिथून पुढे दोन उन्हाळे गेले. श्वासाच्या नळ्या, सील, इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंट, ब्रेकच्या डिस्क, मीटरचं ते चाक. मी इंजिनिअर आहे, असं लोकांना सांगत आलो. पण वीस वर्षांत मी संगणकाच्या पडद्यावरच्या पंपांखेरीज कशाला हात लावला नव्हता. पहिला गंजलेला बोल्ट सुटायला दीड तास लागला आणि तो सुटला तेव्हा अंगठ्याचं नखही गेलं.

एक प्रसंग सांगायला हवा. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. वरचे दोन कॅमशाफ्ट आणि खालचा क्रँक यांना एका तालात ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. तो तुटला किंवा चुकीचा बसला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. मग इंजिन भंगारात. मी बेल्ट बसवला, खुणा जुळवल्या, हात पुसले आणि चावी घ्यायला निघालो. आमचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. घरात त्याचा आवाज मुख्यतः जेवणात काय आहे हे विचारण्यापुरता ऐकू यायचा. तो टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "बाबा, आजोबांनी हाताने दोन फेरे फिरवायला सांगितलं होतं." मी वैतागलो, पण फिरवलं. दोन फेऱ्यांनंतर खालची खूण जागेवर आली आणि वरची एक आली नाही. दोन दातांचा फरक. आम्ही दोघे काही न बोलता तिथेच फरशीवर बसलो. मग त्याने पाना माझ्या हातातून घेतला. दुसऱ्यांदा बेल्ट त्यानेच बसवला.

टॉर्च धरण्याचं काम पूर्वी माझ्याकडे होतं. पुण्यात अण्णांची फियाट होती, १९७८ सालची, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. रविवारी सकाळी अण्णा जुना पायजमा घालून पॉइंट घासायला बसत, कार्बुरेटर फुंकून साफ करत, एखादा भाग मिळाला नाही तर नाना पेठेत, नाही तर कुंभारवेशीच्या जुन्या बाजारात चक्कर. मी टॉर्च हलवली की ओरडत. १९९९ मध्ये मी इथून फोनवर मोठ्या ऐटीत म्हणालो, "अण्णा, काढून टाका ती. भंगार झालंय आता. मी पैसे पाठवतो, नवीन मारुती घ्या." अण्णांनी ऐकलं. फियाटचे नऊ हजार आले. नवीन गाडी छान होती, कधी बंद पडली नाही. तिचं बॉनेट त्यांनी उघडलेलं मात्र मी कधीच पाहिलं नाही. २०११ मध्ये ते गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाल्याची बातमी वाचली, त्या रात्री मी उगाचच गॅरेजमध्ये जाऊन बसलो होतो.

एवढं झाल्यावर जुन्या गाड्यांचा कैवार घेणं मला सोपं जायला हवं. पण कैवार घेणाऱ्यांची नेहमीची कारणं माझ्या घशाखाली उतरत नाहीत. जुनी गाडी स्वस्त पडते म्हणतात. बावीसशेच्या गाडीवर मी दोन वर्षांत एकोणचाळीसशे पौंडांचे भाग घातले, आणि माझे रविवार त्यात धरलेले नाहीत. जुनी गाडी वापरणं पर्यावरणाला बरं, नवी बनवायला किती पोलाद आणि वीज लागते बघा, असंही म्हणतात. वर्षाला थोडे मैल चालवणाऱ्याला ते एखाद वेळेस लागूही असेल. पण लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर देणारी गाडी रोज कामावर नेणाऱ्याने हा मुद्दा काढू नये. सरळ सांगावं की हा शौक आहे.

मग दुसऱ्या टोकाचं काय? २००९ मध्ये इथल्या सरकारने योजना काढली होती, दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत द्या आणि नव्या गाडीवर दोन हजार पौंड सूट घ्या. वर्षभरात सुमारे चार लाख गाड्या गेल्या. मंदीतल्या कारखान्यांना आधार मिळाला, हे मान्य. पण त्यांत अजून वीस वर्षं चालल्या असत्या अशा किती असतील? वय पाहून मोड ठरवणाऱ्या प्रत्येक नियमाचं मला हेच खटकतं. धूर मोजा, ब्रेक मोजा, गंज मोजा आणि नापास झाली तर खुशाल चिरडा. पण जन्मतारीख पाहून निकाल देऊ नका. आणि एक माझ्या पोटातलं सांगतो. घरात निदान एक तरी वस्तू अशी असावी, जी उघडता येते. आमच्या घरी धुण्याच्या यंत्रापासून फोनपर्यंत सगळं सीलबंद आहे. बिघडलं की फेकायचं. सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या बापाची चूक हाताने दुरुस्त करायला जागाच उरलेली नाही.

हे सगळं मी एकदा जेवताना बोलून दाखवलं. बायकोने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "अहो, सगळं खरं. पण धडक बसली तर तिच्यात कोण वाचेल?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. व्होल्वो म्हणजे सुरक्षित, हे वाक्य मी लगेच फेकलं. बाजूच्या धडकेपासून वाचवणारी एअरबॅग पहिल्यांदा याच ८५० मध्ये आली, हेही सांगितलं. ती म्हणाली, तीस वर्षांपूर्वीची ना? गाड्या मुद्दाम धडकवून गुण देणाऱ्या युरो एनकॅपचे पहिले निकाल १९९७ मध्ये लागले. माझी गाडी त्याच्या आधीची. घसरणारी गाडी आपणहून सावरणारी यंत्रणा युरोपात २०१४ च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही. तिच्या छोट्या जपानी हॅचबॅकमध्ये आहे. तेव्हापासून आमचा ठराव असा : रात्रीचा, पावसाचा, हायवेचा लांब प्रवास असेल आणि मुलं बरोबर असतील तर हॅचबॅक. माझा स्वाभिमान दारात उभा राहतो.

थोरल्या मुलीचं लंडनचं बिऱ्हाड हलवायचं होतं तेव्हा मात्र वॅगनशिवाय गत्यंतर नव्हतं. मागची सीट आडवी केली आणि कपाट, गादी, कुकर, दोन कुंड्या, सगळं एका खेपेत मावलं. ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. ते मी कुरकुर न करता भरले. परतताना हायवेला मिळणाऱ्या उतारावर मुलगा म्हणाला, "बाबा, जरा दाबा की." मी दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, मग टर्बोची ती शीळ आली आणि पाठ सीटला टेकली. ताशी सत्तर मैलांच्या मर्यादेला पाय उचलला. सगळा आनंद सातआठ सेकंदांचा. मुलगा हसत होता.

त्याला ही गाडी चालवायची आहे. विम्याची चौकशी केली तर त्याच्या वयाला या इंजिनाचा हप्ता गाडीच्या किमतीहून जास्त निघाला, तेव्हा तूर्त तो विषय बंद. या वर्षीची एमओटी पास झाली, मागचे टायर झिजत आल्याच्या शेऱ्यासह. त्या आधी मी तेलाच्या तोंडावर पुन्हा मोजा बसवून पाहिला. इंजिन चालू असताना तो मलूल पडून राहिला, किंचित आतच ओढला गेला. बायको दोन दिवस भांडी घासायच्या जोडीतला एक मोजा शोधते आहे. तो अजून गॅरेजमध्येच आहे, आणि तेलाचा वास काही केल्या जात नाही.