आधार, व्हॉट्सॲप आणि शेंगा चटणी
खासगी माहितीच्या रक्षणावर विद्यापीठांत व्याख्यानं झडतात. पुट्टस्वामी खटला, खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल, मग चहा. सोलापूर विद्यापीठाने अशी माला घेतलीच, तर एक दिवस झेरॉक्सवाल्यांना बोलवावं. प्रवेशाच्या हंगामात पोरं आधार, जातीचा दाखला, वडिलांचं पासबुक बिनधास्त दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतात. प्रिंट निघते, फाइल तिथेच पडून. माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा डिजिटल माहितीपुरता. म्हणजे ही फाइल त्याच्या कक्षेत. पण बिघडलेली कागदी प्रत, जिच्यात उद्या कुणी शेंगा चटणी बांधून देईल, ती बाहेर! दंड अडीचशे कोटींपर्यंत, हे ऐकून दुकानदार हसेलच. त्याला ‘काम झालं की डिलीट कर’ एवढं सांगा. आणि शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार फुकट मिळतं, हे पोरांना.