मुकं सवारीचं गणित

मरोळ नाक्याला हल्ली हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या बऱ्याच दिसतात. आपल्यातलेही कितीतरी तरुण त्या चालवतात. आपल्या घरांत कुत्रा क्वचितच असतो, पण सवारीसोबत तो गाडीत येतो. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे; अल्लाहने त्याला माफ केलं. तो रहम गाडीतही हवा.

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो आणि मुंबईच्या दमट हवेत तेही नीट होत नाही. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी तापते. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. एसी बंद पडला तरी बाहेरून कळत नाही. म्हणून कुत्र्याला आत एकटं ठेवू देऊ नका. चार्जिंग चालू असतानाच गाडी थंड करून घ्या. पुढे बॅटरी कमी खर्च होते.

लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हेच काम करत आलं आहे.