घोरण्याला हसू नका!



गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात आम्ही सगळे पुरुष कार्यालयातल्या एकाच खोलीत झोपलो होतो. सकाळी चहाला माझ्या घोरण्याच्या नकला झाल्या. सगळे हसले, मीही हसलो. सौ. मात्र हसली नाही. म्हणाली, "घोरतात तोवर मी निवांत असते. आवाज थांबतो ना, तेव्हा उठून बसते."

वर्गात मुलांना "निरीक्षण करा" म्हणून सांगणाऱ्या या मास्तराने घरचं निरीक्षण कधी मानलं नाही. "तुझी झोपच सावध," म्हणून तिलाच उडवून लावलं.

घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, हा आपला जुना गैरसमज. झोपेत जीभ आणि मऊ टाळू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि तिथली थरथर ऐकू येते. काहींची ती वाट मिटतेच. श्वास दहा-दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. असं तासाला ३० वेळा किंवा जास्त झालं, तर आजार तीव्र समजतात. रक्तदाब आणि हृदयविकाराशी त्याचं नातं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

मग पाहुण्यांचे सल्ले सुरू झाले. नाकात तूप सोडा, नाकाला पट्टी लावा, सदऱ्याच्या पाठीला चेंडू शिवा म्हणजे उताणं झोपता येणार नाही! कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, रात्री दारू टाळणं यांचा उपयोग होतो, हे खरंच. दातांवर बसवायचं एक उपकरणही असतं. ते खालचा जबडा थोडा पुढे धरतं, त्यामुळे जिभेमागची वाट मोकळी राहते. दातांचे डॉक्टर माप घेऊन ते करून देतात. सौम्य आणि मध्यम आजारात ते चालतं. पण ते धरायला पुरेसे दात हवेत, आणि माझी तर वरखाली कवळी!

माझं मत एवढंच, की जाहिरात बघून काही मागवण्याआधी रात्रीची झोपेची तपासणी करून घ्यावी. नुसता आवाज बंद झाला म्हणजे आजार गेला असं नव्हे. माझा आजार तीव्र निघाला. आता नाकावर मुखवटा लावून झोपतो. यंत्र हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली.

पहिल्या रात्री सौ. तीनदा उठली. आवाज का येत नाही, म्हणून!

असो. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कळत नाही. शेजारी जागणारं माणूस हाच खरा साक्षीदार. त्याचं ऐका. मी फार उशिरा ऐकलं.